जकातीच्या यादीतील ‘इतर’

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी अँटॉप हिलच्या माझ्या घरी आला. बी.कॉम. झाल्यावर तो बंदरातून माल सोडवून देणाऱ्या एका पेढीत कारकून म्हणून लागला होता. एरवी हसतमुख असणारा हा मुलगा त्या दिवशी चेहरा पाडून बसला. चहा झाल्यावर त्याने हकिगत सांगितली. रंगद्रव्ये बनविणाऱ्या एका छोट्या कारखान्यासाठी परदेशातून थायोनिल क्लोराइड नावाच्या रसायनाची पिंपे आली होती. विक्रेत्याच्या बिलावर ठळक अक्षरांत कंपनीने ठेवलेले व्यापारी नाव होते. रासायनिक नाव खाली बारीक अक्षरांत. याने आयातीचा दस्तऐवज भरताना २८१२ हे शीर्षक बरोबर शोधले, पण त्यातील नेमकी ओळ न सापडल्याने माल ‘इतर’ या शेवटच्या ओळीत घातला. अधिकाऱ्याने शंका काढली, नमुना प्रयोगशाळेत गेला, माल अडकला आणि बंदरभाडे दिवसादिवसाने वाढत राहिले. कारखानदाराने पेढीचे बिल अडवले, पेढीच्या मालकाने याचा अर्धा पगार कापला आणि यापुढे रसायनांच्या कागदांना हात लावू नकोस, अशी ताकीद दिली.

पगार कापल्याचे दुःख त्याला होतेच. पण त्याहून एक प्रश्न त्याला अधिक छळत होता. “सर,” तो म्हणाला, “दोन्ही ओळींवर कराचा दर तोच आहे. सरकारचा एक पैसासुद्धा बुडत नव्हता. मग माझी ओळ चुकली म्हणून कुणाचे काय बिघडले?”

वीस वर्षे अर्थशास्त्र शिकवीत असूनही मला त्याचे समाधान करता आले नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही वर्गात जकात शिकवतो ती दोन हेतूंनी: सरकारी तिजोरीत भर घालणे आणि देशी उद्योगांना संरक्षण देणे. या दोन्ही कसोट्या लावल्या तर मुलाचे म्हणणे बिनतोड होते. पुढे या विषयाचा मागोवा घेताना लक्षात आले की, आमच्या पाठ्यपुस्तकांनी जकातीच्या यादीचा तिसरा उपयोग जवळजवळ गाळूनच टाकला आहे. देशात काय येते आणि देशातून काय जाते, याची समाजाला ओळख करून देणारी ती एकमेव सार्वत्रिक नोंदवही आहे. त्या नोंदवहीतील २८१२ हे एक पान उघडून पाहिले, तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सापडते. आणि त्याच्यावर झालेला अन्यायही स्पष्ट दिसतो.

रसायनशास्त्र एक, कायदा दुसरा

२८१२ या शीर्षकाचे नाव आहे ‘अधातूंची हॅलाइडे व हॅलाइड ऑक्साइडे’. शब्द बोजड असले तरी अर्थ अवघड नाही. फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन ही मूलद्रव्ये दुसऱ्या एखाद्या मूलद्रव्याशी संयोग पावली की हॅलाइड तयार होते. आपल्या जेवणातले मीठ हे सोडियम या धातूचे हॅलाइड. सोडियमच्या जागी फॉस्फरस, गंधक, सिलिकॉन यांसारखा अधातू आला की झाले अधातूचे हॅलाइड. मीठ जितके निरुपद्रवी, तितकीच ही मंडळी बहुधा जहाल. फॉस्फरस ट्रायक्लोराइडला पाण्याचा स्पर्श झाला की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांचे लोट उठतात.

येथवर सारे शाळकरी रसायनशास्त्र झाले. जकातीची यादी मात्र रसायनशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे चालत नाही. ती कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे चालते. हायड्रोजनही अधातूच, पण हायड्रोजन क्लोराइड २८१२ मध्ये बसत नाही, त्याला २८०६ हे स्वतंत्र शीर्षक आहे. फॉस्जीन आणि कार्बन टेट्राक्लोराइड या दोहोंतही कार्बन व क्लोरिन आहेत. परंतु फॉस्जीन हे कार्बनचे हॅलाइड ऑक्साइड म्हणून असेंद्रिय रसायनांच्या २८ व्या प्रकरणात राहते, तर कार्बन टेट्राक्लोराइड सेंद्रिय रसायनांच्या २९ व्या प्रकरणात जाते. आर्सेनिकला ही यादी अधातू मानते, म्हणून त्याचे क्लोराइड २८१२ मध्ये. अँटिमनीला धातू मानते, म्हणून त्याचे क्लोराइड २८२७ मध्ये. रसायनशास्त्राचा पदवीधर जेथे अडखळेल, तेथे वाणिज्याच्या पदवीधराने आपल्या सामान्य ज्ञानावर विसंबून चालावे, अशी आपली अपेक्षा असते.

हे नियम लहरी वाटले तरी निराधार नाहीत. जगभरच्या मालाला एकच भाषा असावी, या प्रयत्नाला बराच जुना इतिहास आहे. १९५० च्या ब्रुसेल्स करारातून एक समान यादी आकाराला आली. पुढे ‘हार्मोनाइज्ड सिस्टीम’ या नावाने ओळखला जाणारा करार १९८३ साली ब्रुसेल्सला संमत झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून अमलात आला. भारताने आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात दुरुस्ती करून फेब्रुवारी १९८६ मध्येच ही पद्धत स्वीकारली होती. या व्यवस्थेत पहिले सहा आकडे साऱ्या जगाला समान असतात; पुढचे आकडे ज्याचे त्याने आपल्या गरजेनुसार जोडायचे. आपण २००३ पासून एकूण आठ आकडे वापरतो. मुंबईचा कारकून आणि हॅम्बुर्गचा कारकून एकमेकांची भाषा जाणत नसले, तरी पहिले सहा आकडे दोघांनाही सारखेच कळतात. वर्गीकरणाच्या वादात या पद्धतीची अधिकृत स्पष्टीकरणे विश्वासार्ह मार्गदर्शक मानावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स खटल्यात सांगितले, ते याचसाठी.

एकाच पोत्यातील सात नावे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. २०१६ अखेरपर्यंत या जागतिक यादीत २८१२ चे दोनच भाग होते: क्लोराइडे व क्लोराइड ऑक्साइडे यांचा एक आणि ‘इतर’ हा दुसरा. म्हणजे फॉस्जीन असो, फॉस्फरस ट्रायक्लोराइड असो की थायोनिल क्लोराइड असो, सहा आकड्यांच्या पातळीवर सगळ्यांची गणना २८१२.१० या एकाच पोत्यात होत असे. आपल्यासह काही देशांनी स्वतःच्या यादीत यातील काही रसायनांना वेगळ्या ओळी दिल्या होत्या. पण त्या ओळी देशागणिक वेगळ्या असल्यामुळे एका देशाची निर्यात आणि दुसऱ्या देशाची आयात समोरासमोर ठेवून पाहण्याची सोय नव्हती.

दरम्यान जगात दुसरीकडे काही घडत होते. १९८० ते १९८८ या काळात इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रांचा सर्रास वापर झाला. मार्च १९८८ मध्ये हलब्जा गावातील हजारो माणसे विषारी वायूने मेली. ही अस्त्रे ज्या द्रव्यांपासून बनली, त्यांतील पुष्कळशी साध्या व्यापाराच्या वाटेने, औषधे व कीटकनाशके यांचा कच्चा माल म्हणून गेली होती. या अनुभवानंतर रासायनिक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९९३ साली पॅरिसमध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ पासून अमलात आला. भारताने १९९६ साली त्याला मान्यता दिली, २००० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००९ पर्यंत आपला घोषित साठा नष्ट केला. आज १९३ देश या कराराचे सदस्य आहेत.

या कराराला रसायनांच्या तीन अनुसूची जोडलेल्या आहेत. तिसऱ्या अनुसूचीत अशी द्रव्ये आहेत की जी अस्त्रांच्या कामी येऊ शकतात, पण शांततेच्या उद्योगांतही मोठ्या प्रमाणावर लागतात. त्यांवर बंदी नाही. मात्र त्यांचा हिशेब ठेवायचा. वर्षाला ३० टनांहून अधिक उत्पादन करणाऱ्या कारखान्याची नोंद द्यायची, आयात-निर्यातीचे आकडे कळवायचे, सदस्य नसलेल्या देशाला माल पाठवायचा तर अंतिम उपयोगाचे प्रमाणपत्र घ्यायचे. अडचण अशी की, कराराची भाषा रसायनांच्या नावांची होती आणि सीमाशुल्काची भाषा आकड्यांची. हेगच्या संघटनेने ‘थायोनिल क्लोराइड किती गेले?’ असे विचारले, तर जकातीचे टेबल ‘२८१२.१० इतके गेले’ एवढेच सांगू शकत होते.

ही दरी बुजविण्यासाठी हेगची रासायनिक अस्त्रबंदी संघटना आणि ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना यांनी मिळून जो बदल घडवून आणला, तो १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. २८१२.११ फॉस्जीन, २८१२.१२ फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड, २८१२.१३ फॉस्फरस ट्रायक्लोराइड, २८१२.१४ फॉस्फरस पेंटाक्लोराइड, २८१२.१५ सल्फर मोनोक्लोराइड, २८१२.१६ सल्फर डायक्लोराइड आणि २८१२.१७ थायोनिल क्लोराइड, अशी सात नावे पोत्यातून बाहेर काढून स्वतंत्र ओळींवर बसविण्यात आली. ही साती नावे तिसऱ्या अनुसूचीतलीच आहेत. उरलेल्या क्लोराइडांसाठी २८१२.१९ ही ‘इतर’ची ओळ ठेवली गेली.

माझ्या विद्यार्थ्याने थायोनिल क्लोराइड २८१२.१९ मध्ये घातले, तेव्हा सरकारचा महसूल बुडाला नाही हे खरेच. पण ज्या द्रव्याची गणना व्हावी म्हणून दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी खटपट केली, ते द्रव्य त्याच्या एका कळीने पुन्हा पोत्यात गेले. पाठवणाऱ्या देशाने ते २८१२.१७ म्हणून नोंदवले असणार. आपल्याकडे ते पोचल्याची नोंदच नाही. कागदोपत्री एक खेप समुद्रात नाहीशी झाली. अशा शेकडो प्रामाणिक चुका होत राहिल्या, तर त्यांच्या गर्दीत एखादी अप्रामाणिक खेप सहज लपून जाईल. कराचा दर सारखा असल्यामुळेच येथे धोका जास्त. दर वेगळा असता तर कोणाचा तरी पैसा पणाला लागला असता आणि चूक शोधायला कोणीतरी जागे राहिले असते.

बंदी नको, मोजणी हवी

यावर कोणी म्हणेल की, इतकी घातक द्रव्ये आणावीतच कशाला? हा मार्ग महाराष्ट्राला तरी परवडणारा नाही. रोहा, लोटे, तारापूर, अंबरनाथ येथील औद्योगिक वसाहतींत हजारो कुटुंबांचे पोट रसायनांवर चालते. थायोनिल क्लोराइड औषधे व रंगद्रव्ये यांच्या निर्मितीत लागते. फॉस्फरस ट्रायक्लोराइडशिवाय कित्येक कीटकनाशके तयारच होत नाहीत. डोकेदुखीची गोळी, साडीचा रंग आणि कपाशीवरची फवारणी यांच्या मागे कोठे ना कोठे या पानावरचे एखादे नाव असते.

धोका आणि उपयोग एकाच पिंपात असतात, हे आपल्या देशाला कोणी शिकवायला नको. यादीतील पहिले नाव असलेल्या फॉस्जीनने पहिल्या महायुद्धात विषारी वायूंच्या बळींपैकी बहुसंख्यांचा जीव घेतला. तेच फॉस्जीन भोपाळच्या कारखान्यात मिथिल आयसोसायनेट बनविण्यासाठी वापरले जाई आणि २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री त्या मिथिल आयसोसायनेटने काय केले, ते सांगण्याची आवश्यकता नाही. फॉस्जीन सहसा जेथे बनते तेथेच वापरले जाते, ते बंदरावर क्वचितच येते. बाकीची सहा नावे मात्र पिंपांतून, टाक्यांतून, जहाजांतून आणि आपल्या रस्त्यांवरून जातात.

मुंबईकरांना याचा अनुभव घरचाच आहे. अँटॉप हिलपासून शिवडीचे हाजी बंदर काही फार लांब नाही. १४ जुलै २०१० रोजी पहाटे तेथील बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे पडून असलेल्या क्लोरिनच्या टाक्यांपैकी एकीतून गळती झाली. आसपासच्या कामगारांना आणि जवळच्या नौकानयन महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना श्वास घेणे कठीण झाले आणि कित्येकांना इस्पितळात हलवावे लागले. क्लोरिन हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे शीर्षक वेगळे, २८०१. पण २८१२ मधील सर्व क्लोराइडांचा तोच जन्मदाता. त्या टाक्या कोणी सोडवून न नेलेला, बेवारस माल होता. कागदावर ज्याची ओळख पुसट झाली आणि ज्याला मालक उरला नाही, असा माल गोदामाच्या कोपऱ्यात गंजत पडतो आणि एके दिवशी वस्तीला आपली ओळख करून देतो. आमच्या अँटॉप हिलमध्ये एका बाजूला वखारींचे मोठे संकुल आणि दुसऱ्या बाजूला केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला पिंपावरची चिठ्ठी खरी असणे ही कारकुनी बाब वाटत नाही.

चूक कोणाची, शिक्षा कोणाला?

नेमके वर्गीकरण आवश्यक आहे, हे मान्य केल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. त्याची जबाबदारी आपण कोणाच्या खांद्यावर टाकली आहे? पूर्वी आयातदार माहिती देई आणि सीमाशुल्काचा मूल्यनिर्धारक वर्गीकरण ठरवी. २०११ सालच्या दुरुस्तीने स्वयंनिर्धारणाची पद्धत आली. आता वर्गीकरण आयातदारानेच करायचे. खात्याने निवडक कागद तपासायचे. व्यापाराची गती वाढली, हे या पद्धतीचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु जे काम पूर्वी प्रशिक्षित अधिकारी आपल्या प्रयोगशाळेच्या आधाराने करीत होता, ते आता पेढीतील वीस-बावीस हजारांचा कारकून संध्याकाळच्या घाईत करतो. कमी कर भरला गेल्यास खाते सर्वसाधारणपणे दोन वर्षांपर्यंत आणि हेतुपुरस्सर लपवाछपवी असल्यास पाच वर्षांपर्यंत मागे जाऊन वसुली करू शकते. ही तलवार मालकाच्या डोक्यावर असते आणि मालक ती कारकुनाच्या हाती पगाराच्या पाकिटातून पोचवतो.

कायद्याची दृष्टी या बाबतीत व्यवहारापेक्षा उदार आहे. मालाचे वर्णन खरे दिले असेल आणि केवळ शीर्षक वेगळे समजले असेल, तर ती खोटी घोषणा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या नॉर्दर्न प्लास्टिक खटल्यात स्पष्ट केले. माल विशिष्ट शीर्षकातच पडतो, हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची आहे, हे तत्त्व २००६ च्या एचपीएल केमिकल्स खटल्यात पुन्हा अधोरेखित झाले. ही तत्त्वे न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत असलेल्यांच्या कामी येतात. पाच पिंपे मागवणारा छोटा कारखानदार वाद घालण्यापेक्षा दंड भरून मोकळा होतो. आणि कारकुनाला तर तेवढाही पर्याय नसतो.

खात्याची बाजूही ऐकली पाहिजे. मोठ्या बंदरात रोज येणाऱ्या हजारो खेपांचा प्रत्येक कागद वाचणे कोणालाही शक्य नाही. व्यापारी नावाच्या बुरख्याआड काय आहे, हे अधिकाऱ्याला तरी कसे कळावे? म्हणून २०२३ साली केंद्रीय मंडळाने २८, २९ आदी रासायनिक प्रकरणांतील आयातीसाठी रसायनाचे शास्त्रीय नाव आणि त्याचा सी.ए.एस. क्रमांक देणे बंधनकारक केले, ते योग्यच झाले. हा क्रमांक म्हणजे रसायनाची जन्मखूण. विक्रेत्याने नाव कितीही बदलले तरी थायोनिल क्लोराइडचा क्रमांक ७७१९-०९-७ हाच राहतो. ही सक्ती चार-पाच वर्षे आधी आली असती, तर माझ्या विद्यार्थ्याचा पगार कदाचित वाचला असता. त्याचप्रमाणे, माल येण्याआधीच वर्गीकरणाचा निर्णय मागण्यासाठी २०२१ पासून मुंबईत स्वतंत्र प्राधिकरण काम करीत आहे. या सोयीचा लाभ मोठ्या कंपन्या घेतात. लहानांपर्यंत तिची वार्ताच पोचत नाही.

‘इतर’मध्ये अजून काय आहे?

सात नावे बाहेर आली, म्हणून पोते रिकामे झाले असे नव्हे. याच शीर्षकाच्या २८१२.९० या ‘इतर’च्या ओळीत फ्लोराइडे, ब्रोमाइडे, आयोडाइडे अशी पुष्कळ मंडळी बसतात. त्यांतील सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू विजेच्या उपकेंद्रांतील स्विचगिअरमध्ये वापरतात. तो विषारी नाही, जळत नाही. पण शंभर वर्षांच्या मुदतीत हिशेब केला, तर त्याचा एक किलो पृथ्वीचे तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या २३,००० किलोंहून भारी पडतो. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड हा संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यांत लागणारा वायूही याच ओळीचा आणि त्याच जातीचा. सल्फर हेक्झाफ्लोराइड क्योटो कराराच्या मूळ यादीत होते, दुसऱ्याची भर नंतर पडली. पण सहा आकड्यांच्या यादीने दोघांनाही २८१२.९० मध्ये एकत्रच ठेवले. देशात चिप-निर्मितीचे कारखाने उभे राहत असताना आणि शहरांतून वायुवेष्टित उपकेंद्रे वाढत असताना हे वायू किती येतात, हे नागरिकाला सहज कळले पाहिजे.

हे अशक्य नाही, याचा दाखला शेजारच्याच प्रकरणात आहे. शीतकरणात वापरले जाणारे हायड्रोफ्लुओरोकार्बन वायू किगाली दुरुस्तीच्या कक्षेत आल्यावर १ जानेवारी २०२२ पासून जागतिक यादीतील २९०३ या शीर्षकाची नव्याने मांडणी होऊन त्या वायूंना स्वतंत्र ओळी मिळाल्या. शिवाय ब्रुसेल्सची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. सहा आकड्यांपुढचे दोन आकडे आपल्या हातात आहेत. ज्या रसायनाचा हिशेब देशाला हवा, त्याला आठ आकडी ओळ देण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नसते. ओळी वाढवल्या की कारकुनाचे ओझे वाढते, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ओळी वाढवताना त्याला शिकवण्याची तजवीजही व्हायला हवी.

आकड्यांचे महत्त्व महाराष्ट्राला नव्याने पटवून द्यावे लागू नये. दादाभाई नौरोजींनी भारताच्या संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत मांडला, तो सरकारनेच छापलेल्या आयात-निर्यातीच्या तक्त्यांतून. त्या तक्त्यांतील नोंदी ढिसाळ असत्या, तर तो युक्तिवाद उभाच राहिला नसता. आजही कोलकात्याच्या संचालनालयातून देशाच्या व्यापाराची जी आकडेवारी निघते, तिचा मूळ कण म्हणजे कोणा एका कारकुनाने टंकित केलेली एक ओळ. त्या आकड्यांवर आम्ही प्राध्यापक लेख लिहितो, मंत्री धोरणे आखतात. ज्याच्या बोटांतून ते येतात, त्याला मात्र त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नसतो.

करण्यासारखे

यासाठी फार मोठा खर्च करण्याची गरज नाही. पहिली गोष्ट, वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात मालाचे वर्गीकरण हा विषय व्यवहार म्हणून शिकवावा. आमची मुले तुलनात्मक लाभाचा सिद्धांत पाठ करून बाहेर पडतात आणि पहिल्याच नोकरीत २८१२ समोर आले की भांबावतात. अँटॉप हिलपासून हाकेच्या अंतरावर माटुंग्याला १९३३ साली स्थापन झालेली रासायनिक तंत्रज्ञानाची नामांकित संस्था आहे. बंदर आणि जकातघर याच शहरात आहेत. या तिघांना महिन्यातून एका शनिवारी एका वर्गात बसवणे विद्यापीठाला जड जाऊ नये. दुसरी गोष्ट, वारंवार येणाऱ्या रसायनांची एक पुस्तिका सोप्या मराठीत काढावी: व्यापारी नावे, रासायनिक नाव, सी.ए.एस. क्रमांक, शीर्षक आणि धोका. तिसरी गोष्ट, प्रयोगशाळेच्या निष्कर्षावरून खाते वर्गीकरण बदलते तेव्हा, पक्षकाराचे नाव गाळून, त्यामागची कारणे प्रसिद्ध करावीत, म्हणजे एकाची ठेच दहांना शहाणे करील. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट: वर्णन खरे आणि ओळ चुकीची, अशा पहिल्या चुकीसाठी दुरुस्तीची मुभा असावी, दंड असावा तो वर्णन लपवणाऱ्याला. चूक कबूल केली की पगार कापला जातो, असे दिसले तर कारकून चूक झाकायला शिकेल आणि ज्या हिशेबासाठी हा सारा खटाटोप, तोच खोटा होऊन बसेल.

माझा तो विद्यार्थी आता दुसऱ्या पेढीत आहे आणि रसायनांचेच कागद भरतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी त्याला त्याच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर दिले, वर लिहिले आहे तेच. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “सर, हे मला तेव्हाच कोणी सांगितले असते, तर मी ती पिंपे ‘इतर’मध्ये घातलीच नसती.” त्याला ते सांगणे हे पेढीच्या मालकाचे काम होते, खात्याचे होते आणि त्याचा शिक्षक म्हणून माझेही होते. पगार मात्र त्याचा एकट्याचा कापला गेला.